व्याह्यांसाठी दुरुस्त केलेली नाव

माझ्या लग्नाची सुपारी फुटली आणि महिन्याभरात आम्ही व्याह्यांना पाण्यात बुडवलं. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. पाणी छातीएवढं होतं आणि सगळे आपापल्या पायांनी काठावर आले. पण मुलाकडच्यांना चहा जरा निवलेला दिला तरी त्याची चर्चा वर्षानुवर्षं चालते, आणि आम्ही तर विहीणबाईंना पैठणीसकट गंगापूर धरणाच्या गाळात बसवलं होतं. त्या उन्हाळ्यात रस्त्याने चालताना मी माणसांच्या तोंडाकडे बघायचं सोडून त्यांच्या चपलांकडे बघायला लागले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. आम्ही सिडकोत राहायचो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते अंबडच्या एका फायबरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. तिथे पाण्याच्या टाक्या, पत्रे, बागेतल्या घसरगुंड्या असं काय काय बनायचं. एकदा कुठल्याशा ऑर्डरसाठी नमुना म्हणून एक छोटी नाव बनवली गेली. ऑर्डर आलीच नाही. नाव गोडाऊनमध्ये धूळ खात पडली, आणि पुढे कारखाना बंद होताना मालकाने ती दादांना देऊन टाकली. लोकांना निरोपाला शाल मिळते, भिंतीवरचं घड्याळ मिळतं. दादांना नाव मिळाली आणि त्यांना त्याचा कोण आनंद झाला होता.

माझा मामा धरणाच्या काठी राहायचा. टोमॅटो आणि गुलाबाची शेती होती त्याची. त्याच्या बांधापासून पाणी हाकेच्या अंतरावर, म्हणून नाव तिकडे गेली. दर रविवारी दादा डबा घेऊन जात, नाव धुवत, पुसत, तासभर वल्हवत आणि उन्हाने लाल होऊन घरी येत. तिला होडी म्हटलेलं त्यांना खपत नसे. 'होडी कागदाची असते,' ते म्हणत, 'ही नाव आहे.' नावेच्या आतल्या बाजूला त्यांनी लाल ऑइलपेंटने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'एका वेळी चार माणसे'. त्या चारात ते स्वतःलाही धरत.

स्थळ निफाडकडचं होतं. घरची द्राक्षबाग, मुलगा शिकलेला, वागायला सरळ. मी एका प्राथमिक शाळेत शिकवत होते. स्थळ आमच्यापेक्षा वरचं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आईला तर जरा जास्तच. सुपारी फुटल्यावर व्याह्यांना आंब्याच्या रसाचं जेवण द्यायचं ठरलं. आमच्या दोन खोल्यांत एवढी माणसं कुठे मावणार, म्हणून जेवण मामाच्या मळ्यात ठेवलं. जेवण फार छान झालं. रस पुरला, कुरडया कुरकुरीत होत्या, विहीणबाईंनी आईच्या हाताची तारीफ केली. मग दादांना राहवेना. 'चला,' ते म्हणाले, 'पाण्यावर एक चक्कर मारून आणतो.'

आधी विहीणबाई बसल्या. मुलाची आई, त्यांना थांबा कोण म्हणणार? त्यांच्यामागोमाग मुलाची आत्या निघाली, तिचा मान विहिणीइतकाच. मुलाच्या मामांना काठावर ठेवायचं म्हणजे लग्नातल्या रुसव्याची आत्ताच सोय करून ठेवायची. चुलत्यांचंही तेच. दादांची ती लाल अक्षरं मामांच्या धोतराआड कधी गेली ते कोणाला दिसलंही नाही.

व्याही मात्र चिंचेखाली उभे होते. 'राहू द्या, तुम्ही या जाऊन,' म्हणाले. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतं. पानात पोळी वाढताना माणूस नको म्हणतो, पुन्हा नको म्हणतो, ताटावर हात आडवा धरतो, तरी आपण वाढतो. नाही वाढली तर तोच घरी जाऊन सांगतो की मंडळींना आग्रहच ठाऊक नाही. दादांनी सरळ त्यांचा हात धरला. 'असं कसं? तुमच्याशिवाय नाव हलायची नाही.' ते परत नको म्हणाले. मागून माझ्या मामाने आवाज दिला, 'बसा हो पाव्हणं, व्हतंय ॲडजस्ट. इमान थोडंच हाय?' सगळे हसले आणि व्याही बसले.

त्यांना मागची फळी दिली. ती रुंद होती आणि मानाची होती, म्हणून तिथे ते एकटेच. दादा मधल्या फळीवर. वल्ही मारायची तर नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसावं लागतं, त्यामुळे ते आणि व्याही समोरासमोर. बाकीची मंडळी दादांच्या पाठीमागे, पुढच्या भागात. ऊन लागतं म्हणून आत्याबाईंनी छत्री उघडली. एवढं बघून मी चहा ठेवायला वर शेडमध्ये गेले.

आधणही आलं नव्हतं, तेवढ्यात ओरडा ऐकू आला. मी पळत खाली गेले तेव्हा नाव काठोकाठ भरली होती आणि सगळे पाण्यात होते. आत्याबाईंची छत्री उलटी होऊन तरंगत होती. दादा दोन्ही हातांनी नावेची कड धरून ओरडत होते, 'नाव धरा, नाव सोडू नका.' ते अगदी बरोबर सांगत होते. फायबरच्या नावेच्या पोटात फोम भरलेला असतो, पाण्याने भरली तरी ती तळाला जात नाही, माणसाने तिला धरून राहावं. पण हे दादांना माहीत, पाहुण्यांना काय माहीत? विहीणबाई काठावर आल्या, पदर पिळला आणि म्हणाल्या, 'आमची माणसं बुडत व्हती आन् यांना नावेची पडली व्हती.'

दादा चिखलाने भरलेले हात जोडून उभे राहिले. 'चुकलं माझं, माणसं जास्त झाली,' एवढंच परत परत म्हणत होते. व्याही टॉवेल गुंडाळून बाजेवर बसले होते. ते एक शब्द बोलले नाहीत, वरसुद्धा बघितलं नाही. आम्ही समजलो की राग फार आहे. मंडळी जीपमध्ये गोणपाट अंथरून ओल्या कपड्यांनीच निघाली. मी नमस्काराला वाकले तर विहीणबाईंनी पाय मागे घेतले. ओल्या पायांना हात नको, असंही त्यांच्या मनात असेल. मला ते तसं वाटलं नाही.

ते गेल्यावर मामाने रागाच्या भरात नावेच्या पुढच्या कडीला दोर बांधला आणि ट्रॅक्टरने तिला ओढून वर काढलं. आतलं पाणी आधी उपसायला हवं होतं. तेवढ्या वजनासकट ती दगडगोट्यांवरून फरपटत आली आणि तळाला हातभर लांब चीर गेली. घरी येताना एसटीत आई दादांपासून वेगळ्या बाकावर बसली. सातपूर आल्यावर एकदाच बोलली. 'नाव बुडवली ती बुडवली, नावही बुडवलं.'

पुढच्याच आठवड्यात लग्न जमवणारे मास्तर आले. जून उजाडायच्या आत लग्न करायचं ठरलं होतं. 'ते नाही म्हणत नाहीत,' मास्तर बशीतला चहा फुंकत म्हणाले, 'फक्त आत्ता नको म्हणतात. दिवाळीनंतर बघू म्हणाले.' बघू हा शब्द मी शाळेत पालकांसमोर रोज वापरत असे. त्याचा अर्थ मला चांगला माहीत होता.

आणि दादांनी काय करावं? मास्तर गेल्यावर ते टेम्पो ठरवून आले आणि नाव आमच्या गल्लीत आणली. 'नीट दुरुस्त करतो,' म्हणाले, 'व्याह्यांना एकदा कोरडं फिरवून आणतो. मग सगळं सुरळीत होईल.' आईने कपाळाला हात लावला. ज्या वस्तूने मुलीच्या लग्नात खोडा घातला ती झाकून ठेवायची की दारात मांडायची? सिडकोच्या गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. तिथे दोन ड्रमवर पालथी घातलेली नाव म्हणजे प्रदर्शनच होतं. येणारा-जाणारा विचारायचा, ही कशाला? आणि सांगणारे कमी नव्हते.

नावेला दोन तळ असतात, एक पाण्याला लागतो तो आणि एक वर, आपण पाय ठेवतो तो. मधल्या पोकळीतल्या फोमने पाणी पिऊन घेतलं होतं. दादांनी ड्रिलने भोकं पाडली तर त्यातून धरणाचं पाणी निथळायला लागलं, हिरवट, माशांचा वास येणारं. ते गल्लीतून वाहत गटारापर्यंत जायचं आणि थांबायचं नाव घेईना. मी सकाळी शाळेला निघाले की समोरच्या काकू झाडू हातात धरून विचारायच्या, 'अजून निथळतेय का गं?' मी मान हलवून पुढे जायची. नंतर दादांनी वरचा तळ कापून तो कुजलेला फोम हाताने ओरबाडून काढला, बादल्याच्या बादल्या. मग नाव उन्हात सताड उघडी पडून राहिली. ती वाळेपर्यंत काही करता येत नाही, असं ते म्हणाले.

ती वाळली आणि आमची खरी शोभा झाली. चिरेच्या भोवतालचं फायबर घासून काढावं लागतं. दादांनी ग्राइंडर लावला. पांढरी बारीक भुकटी उडाली आणि वाऱ्याबरोबर सगळ्या गल्लीभर बसली. फायबरची भुकटी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी काच. मे महिना, घरोघरी वाळवणं, दोऱ्यांवर कपडे. दुपारपर्यंत सगळी गल्ली खाजवायला लागली. पोरं रडायला लागली, शेजारच्या ड्रायव्हरकाकांनी बनियन काढून भिंतीला पाठ घासली. काकूंच्या कुरडया गच्चीवर होत्या, पांढऱ्यावर पांढरं, कोणाला दिसतंय? दादा स्वतः जिने चढून प्रत्येक गच्चीवर गेले आणि सांगितलं की हे खाऊ नका, फेकून द्या, चूक माझी आहे. आईने गहू भिजत घातले आणि पुढचे दिवस दुसऱ्यांच्या कुरडयांसाठी चीक घोटत राहिली. आमचं नाव गल्लीत खाजवाले पडलं. ते पुढे बरीच वर्षं टिकलं.

मला त्यांची लाज वाटायची. गोल गोल बोलण्यात अर्थ नाही, बापाची लाज वाटायची. तोंडाला रुमाल, केसांत भुकटी, लाल पडलेले हात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला हसून उत्तर देणं. शाळेतल्या बाई बसस्टॉपपर्यंत माझ्याबरोबर यायच्या, तर मी गल्लीच्या तोंडाशीच त्यांना थांबवून निरोप घ्यायची. दादा बाजारात बरोबर निघाले की मी चप्पल शोधण्यात वेळ काढायची आणि मागून जायची. 'तारीख निघाली का?' असं कोणी विचारलं की मी घड्याळ बघून शाळेची वेळ झाली म्हणायची. मला तो मुलगा आवडला होता. हे कोणाला सांगायची पद्धत नव्हती आणि माझी हिंमतही नव्हती.

काचेच्या धाग्यांची मॅट चिरेवर बसवायची वेळ आली तेव्हा मात्र दादांना दुसरे हात हवे होते. आई उठेना, मग मी गेले. उन्हं उतरल्यावर, दिवे लागायच्या आत, म्हणजे फार कोणाला दिसणार नाही. मी मॅट ताणून धरायची, ते ब्रशने मधासारखं चिकट रेझिन लावायचे आणि ठोकून ठोकून हवेचे बुडबुडे काढायचे. पहिल्या दिवशी त्यांनी रेझिन घट्ट करणारं हार्डनर अंदाजाने घातलं. उन्हाळ्याची हवा गरम, त्यामुळे ब्रश बुडवायच्या आत सगळं वाटीत घट्ट झालं आणि धूर निघायला लागला. वाटी आईची, रसाची. चमचा तिच्यात उभाच्या उभा रुतून बसला. आईने ती वाटी चमच्यासकट खिडकीत ठेवून दिली, म्हणजे दादांना येता-जाता दिसत राहावी.

'सहा जणांना कसं बसू दिलंत तुम्ही?' मी एकदा न राहवून विचारलं. ते ब्रश मारत राहिले. 'चूकच झाली,' म्हणाले. 'पण काठावरून तर नाव नीट निघाली होती ना? मग एकदम काय झालं?' त्यांनी मॅटचा कोपरा माझ्या बोटाखाली सरकवला. 'घट्ट धर. आता तो विषय नको.' मला वाटलं, उत्तर नाही म्हणून टाळतायत.

पाऊस सुरू झाला. नाव ताडपत्रीखाली गेली. नवा तळ बसला, वरून निळा रंग बसला आणि गणपती झाल्यावर ती परत मामाच्या बांधावर गेली. धरण भरलेलं होतं. दादांनी तिच्यात वाळूची पोती घालून पाण्यात उभी करून ठेवली आणि आत एक थेंब येत नाही अशी खात्री करून घेतली. मग एक दिवस इस्त्रीचा शर्ट घातला आणि एसटीने एकटेच निफाडला गेले. मी त्या दिवशी शाळेत दोनदा चुकीच्या वर्गात शिरले. संध्याकाळी ते परत आले. 'येणार आहेत,' एवढंच म्हणाले. आई म्हणाली, नाही म्हणून सांगायलाच येत असतील.

फक्त व्याही आणि विहीणबाई आले. चहा घेतला, पोहे घेतले. मग व्याहीच उठले. 'चला,' दादांना म्हणाले, 'मी एकटाच बसतो.' विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या, आई आणि मी काठावर उभ्या राहिलो. नाव आत गेली, बरीच आत. व्याह्यांनी दोन्ही बाजूंच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या होत्या आणि पाठ ताठ केली होती. दादा सावकाश वल्हवत होते. बोलत होते की नाही ते तिथून कळत नव्हतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई आपल्या सासूबाई होणार की नाही, हे त्या नावेत ठरतंय असं मला वाटत होतं.

ते परत आले. दादांनी नाव काठाला टेकवली, व्याही हात धरून उतरले. चेहरा घामाने भिजला होता. ते सरळ आपल्या बायकोसमोर येऊन उभे राहिले.

'त्या दिवशी नाव यांनी नाय बुडवली,' ते म्हणाले. 'मी बुडवली.'

कोणाला काही कळेना.

'कडेवरून घोटभर पाणी आत आलं, माझ्या पायाला लागलं आन् मी उठून उभा ऱ्हायलो. हे म्हणत व्हते, बसा, बसा. मला बसवंना. मग नाव कलली. मला पाण्याचं लय भ्या वाटतं. ल्हानपणापास्नं. घरच्या विहिरीत मी कधी वाकून बघितलं नाय.' मग दादांकडे वळून म्हणाले, 'मी नको म्हणलो व्हतो ना, ते खरंच नको व्हतं.'

'काहीतरीच काय,' दादा घाईघाईने म्हणाले, 'माणसं जास्त झाली होती. चूक माझीच.'

'माणसं जास्त व्हती तरी चालली व्हती.'

'नाही, नाही. मी बसवायलाच नको होतं.'

दोघं चूक आपल्याकडे ओढत उभे राहिले. विहीणबाई नवऱ्याकडे बघत होत्या. 'मला तर छत्रीनं काय दिसलंच नाय,' त्या हळूच म्हणाल्या. 'मंग एवढे दिवस...' त्यांनी आईचा हात धरला. 'तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढायचा ना?' आईने लगेच मान हलवली.

ते गेल्यावर मी बांधावर परत आले. दादा वल्ही पुसत बसले होते.

'तुम्हाला माहीत होतं,' मी म्हणाले.

'समोरच तर बसले होते.'

'मग बोलला का नाहीत? सगळी गल्ली हसली, आई बोलायची बंद झाली. निदान आम्हाला तरी सांगायचं.'

त्यांनी वल्हं बाजूला ठेवलं. 'लग्न झालं की तू त्याच घरात जाणार होतीस. रोज सकाळी त्यांच्या हातात चहा तुलाच द्यायचा होता. हे तुला माझ्याकडून कळलंय असं त्यांना वाटलं असतं, तर त्यांनी तुझ्याकडे कधी नीट बघितलं असतं का? सासऱ्याला सुनेची लाज वाटायची, त्यापेक्षा तुला बापाची वाटली ते बरं.'

आणि मला वाटत होतं, त्यांना ते कळलंच नव्हतं.